आइसलँड, फेब्रुवारी: रेक्याविकहून एका दिवसात दक्षिण किनारा. काय धरावं, काय सोडावं?

अनुजा_प

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या मध्यात आम्ही चौघं रेक्याविकमध्ये असू. त्यातला एक अख्खा दिवस मोकळा आहे आणि तो दक्षिण किनाऱ्याला द्यायचं ठरवलंय. धबधबे, हिमनदी, काळ्या वाळूचा किनारा आणि जमलं तर बर्फाची गुहा, अशी यादी आहे. बरोबर सासू-सासरे आहेत (६१ आणि ६६). दोघं चालतात, पण सासूबाईंचे गुडघे चढ-उतारावर कुरकुरतात.

प्रश्न असे:
१. गाडी भाड्याने घेऊन स्वतः जावं की बसच्या सहलीने? गाडी मिस्टर चालवतील. हात चांगला आहे, पण बर्फावर कधी चालवलेली नाही.
२. योकुल्सार्लोनचं हिमनगांचं तळं एका दिवसात होतं असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. खरंच होतं का?
३. बर्फाची गुहा ज्येष्ठांना झेपेल का?
४. कपड्यांचं आणि बुटांचं नेमकं काय करावं?

हिमरेषा

अनुजाताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकी सगळं त्यावर बसतं.

रेक्याविक ते वीक (दक्षिण किनाऱ्यावरचं छोटं गाव) साधारण १८७ किलोमीटर. रेक्याविक ते योकुल्सार्लोन जवळपास ३७५. जाऊन-येऊन ७५० किलोमीटर. हिवाळ्यात थांबे सोडून सरासरी ७० चा वेग मिळाला तरी पुष्कळ, म्हणजे नुसतं गाडीत बसणंच अकरा तासांच्या आसपास. फेब्रुवारीच्या मध्यात सूर्य साडेनऊच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या जरा आधी मावळतो. उजेड साडेआठ तासांचा, प्रवास अकरा तासांचा. बसवाले हे चौदा-पंधरा तासांत करतात, पण त्यात धबधब्यापाशी वीस मिनिटं, तळ्यापाशी तासभर आणि उरलेला वेळ काळोखी खिडकी. तळ्यातल्या होड्याही हिवाळ्यात बंद असतात, तेव्हा काठावरूनच बघायचं. ते बघायचंच असेल तर वाटेत एक रात्र मुक्काम करा. एका दिवसात नको, ज्येष्ठांना घेऊन तर नकोच.

तेव्हा वीकपर्यंत जा आणि परत फिरा. आडवाटा धरून ४०० किलोमीटरच्या आसपास होतात. दिवस भरगच्च होतो, पण जीव मेटाकुटीला येत नाही.

तारखा अजून हलवता येत असतील तर हा हिशेब बघा. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य सव्वाअकरानंतर उगवतो आणि साडेतीनला मावळतो, म्हणजे जेमतेम चार तास. जानेवारीअखेर सात तास होतात. फेब्रुवारीत रोज सहा-सात मिनिटांनी दिवस वाढत असतो, त्यामुळे एक आठवडा पुढे सरकलात तरी पाऊण तास हातात पडतो. बर्फही असतो आणि उजेडही, म्हणून हिवाळ्यातल्या एका दिवसाच्या सहलीला फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्च मला सगळ्यात सोयीचे वाटतात.

क्रमाबद्दल एक आग्रह आहे. सगळे जण रेक्याविकहून निघतात आणि पहिला धबधबा दिसला की थांबतात. तुम्ही उलटं करा. सरळ वीकच्या टोकाला जा आणि परतताना एकेक थांबा घ्या. म्हणजे प्रत्येक थांब्यागणिक घर जवळ येतं. हवा बिघडली तर हवा तो थांबा गाळता येतो. बसगाड्या सकाळी दहा-अकराला सेल्यालान्सफॉसला, म्हणजे त्या पहिल्या धबधब्याला, गर्दी करतात, ती चुकते. शिवाय सेल्यालान्सफॉसचं तोंड पश्चिमेकडे आहे, त्यामुळे दुपारचं कलतं ऊन थेट त्याच्यावर पडतं.

अंदाजे वेळा:
सकाळी ७.४५ ला निघा (काळोख असेल, रस्ता शहराबाहेर पडेपर्यंत दिव्यांचा).
१०.३० ते ११.१५ रेनिसफ्यारा (काळ्या वाळूचा किनारा).
११.३० ते १२.१५ वीक: स्वच्छतागृह, पेट्रोल, गरम काहीतरी पोटात.
१२.३० ते १ दिरहोलाए (समुद्रात घुसलेलं कातळी भूशिर), खालच्या वाहनतळापर्यंतच.
१.३० ते २.३० सोल्हेमायोकुत्ल हिमनदी.
२.४५ ते ३.२० स्कोगाफॉस (दुसरा धबधबा).
३.५० ते ४.३० सेल्यालान्सफॉस.
साडेसहाच्या सुमाराला रेक्याविक, संधिप्रकाशातच.

उशीर झाला तर पहिला बळी दिरहोलाएचा. परतीचा शेवटचा तास मात्र कशासाठीही खर्चू नका.

घाटरस्ता

गाडीचं मी सांगतो. मिस्टरांचा हात कितीही चांगला असला तरी तिथे तीन गोष्टी एकदम नव्या असतात: डावीकडचं स्टिअरिंग, उजवीकडून चालवणं आणि बर्फ. त्यात चौथा येतो वारा, आणि सगळ्यात जास्त त्रास तोच देतो.

हवामान खात्याच्या पानावर (वेदुर डॉट आयएस) वारा मीटर प्रतिसेकंदात देतात. त्याला ३.६ ने गुणा म्हणजे ताशी किलोमीटर मिळतात. १५ म्हणजे ताशी ५४, २० म्हणजे ७२, २५ म्हणजे ९०. १५ च्या वर गेला की नवख्याने विचार करावा. २० च्या वर असेल तर निघूच नये. आकडा बघताना सरासरी वारा आणि झोत वेगळे बघा. डोंगराच्या कुशीत सरासरी १४ असताना ३० चे झोत बसतात आणि गाडी शेजारच्या पट्ट्यात ढकलली जाते. एयाफ्यात्लायोकुत्लच्या पायथ्याचा, म्हणजे सेल्यालान्सफॉस ते स्कोगाफॉस हा पट्टा यासाठी कुप्रसिद्ध आहे. वाटेत कडेला फलक लागतात, त्यावर तापमान, वारा आणि झोताचा आकडा झळकत असतो. वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रस्त्यांची स्थिती उमफेर्दिन डॉट आयएसवर मिळते, फोन १७७७. नकाशा इंग्रजीत होतो, पण रेडिओवर आणि लोकांच्या बोलण्यात आइसलँडिक शब्द येतात, ते ओळखून ठेवा: 'हाल्कुब्लेत्तिर' म्हणजे अधूनमधून निसरडं, 'हाल्का' म्हणजे निसरडं, 'फ्लूगहाल्का' म्हणजे अतिशय निसरडं, 'ओफायर्त' म्हणजे जाणं अशक्य. 'हाल्का' हिवाळ्यात रोजचंच आहे. 'फ्लूगहाल्का' दिसलं की चहा घेऊन खोलीतच बसा.

रेक्याविक सोडलं की अर्ध्या तासात हेल्लिसहेदीचा घाटमाथा येतो. उंची साडेतीनशे मीटरच्या वर. शहरात आकाश निरभ्र आणि वर पाच फुटांवरचं दिसत नाही, हे तिथलं नेहमीचं. वादळात पहिला बंद होतो तोच. शेजारून थ्रेंग्स्लीचा ३९ नंबरचा रस्ता जातो, तो जरा खालून असल्यामुळे कधीकधी चालू राहतो.

घसरण्याचं मुख्य कारण शून्याच्या आसपासचं तापमान. उणे दहाला बर्फ कोरडा आणि खरखरीत असतो, चाकाला पकड मिळते. शून्याला त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि रस्ता नुसता ओला, काळाभोर, अगदी निरुपद्रवी दिसतो. दक्षिण किनाऱ्यावर हिवाळ्यातलं तापमान बहुतेक वेळा शून्याच्या आगेमागेच खेळत असतं. खिळ्यांची चाकं १ नोव्हेंबर ते १४ एप्रिल चालतात. गाडी घेताना खिळे प्रत्यक्ष बघून घ्या, हात फिरवून बघा. झिजलेले असतील तर दुसरी गाडी मागा. चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्या, पण ती निघायला मदत करते, थांबायला नाही, हे मिस्टरांना आधीच सांगून ठेवा.

चालवताना: मर्यादा ९० असली तरी ६०-७० धरा. क्रूझ कंट्रोल बंद. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर. ब्रेक आणि स्टिअरिंग एकाच वेळी नको, आधी वेग उतरवा, मग वळवा. दिवे दिवसाही चालू ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि स्वयंचलित दिव्यांत मागचे कधीकधी लागत नाहीत, तेव्हा बटण हाताने फिरवा. एकपदरी पुलावर जो आधी पोहोचतो तो आधी जातो. आणि दोन पट्ट्यांच्या गोल चौकात बाहेर पडताना आतल्या पट्ट्यातल्या गाडीचा हक्क पहिला. बाहेरून येणारे इथेच ठोकतात.

फोटोसाठी रस्त्याच्या कडेला थांबू नका. कडेला बर्फ सपाट दिसतो, पण खाली खड्डा असतो. घोडे कितीही गोड दिसले तरी पुढच्या वाहनतळावर थांबूनच बघा.

चाकवारा

घाटरस्ता यांच्या पोस्टीला एक जोड. भाड्याच्या गाड्यांचं सगळ्यात जास्त होणारं नुकसान टक्करीचं नसून दारांचं असतं. वाऱ्याच्या दिशेने पाठ करून गाडी लावली, दार उघडलं, की झोत आत शिरतो, दार बिजागरीवरून उलटं फिरतं आणि पुढचा पत्रा चेपतो. विम्यात हे बहुतेक वेळा धरलेलं नसतं, करारात वाचून बघा. उपाय साधा आहे: गाडीचं नाक वाऱ्याकडे करून लावा. मग वारा दार बंद करायला बघतो, उघडायला नाही. एका वेळी एकच दार उघडायचं आणि दोन्ही हातांनी धरून. मागे बसलेल्या आई-बाबांना सांगायचं, 'आम्ही येऊन उघडेपर्यंत हात लावू नका.'

वाळू-राखेचा वेगळा विमा मिळतो. वीकच्या पुढच्या वाळवंटी पट्ट्यावर वारा सुटला की उडणारी काळी वाळू रंग खरवडून काचा धुरकट करते. तुम्ही वीकला परतणार, त्यामुळे त्याची गरज कमी.

पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. पंप बिनमाणसांचे असतात आणि कार्डाचा पिन मागतात, तो पाठ हवा. सेल्फॉस, हेत्ला, ह्वोल्सवोलुर, वीक इथे मिळतं. धबधब्यांच्या आणि किनाऱ्याच्या वाहनतळांवर पैसे पडतात. कॅमेरा नंबरपाटी टिपतो. ॲपवर किंवा यंत्रावर भरले नाहीत तर भाड्याची कंपनी दंडासकट आणि स्वतःचं शुल्क लावून वसूल करते.

माझं मत विचाराल तर: बर्फावर कधी चालवलं नसेल तर छोट्या, सोळा-अठरा जणांच्या गाडीची सहल घ्या. दहा-अकरा तासांची असते. चालकाला कुठला झोत कुठल्या वळणावर लागतो ते ठाऊक असतं आणि रद्द झाली तर पैसे परत किंवा दुसरी तारीख मिळते. तोटा इतकाच, की हिमरेषा यांचा उलटा क्रम मिळणार नाही.

काळा_कातळ

रस्त्याचं आणि विम्याचं झालं. आता खिडकीतून काय बघायचं तेही कुणी सांगायला हवं, नाहीतर दोन धबधबे आणि एक किनारा इतकीच आठवण उरते.

हेल्लिसहेदीवर वाफेचे लोट दिसतील. ते भूगर्भातल्या उष्णतेवर चालणारं वीज केंद्र, क्षमता ३०३ मेगावॉट. गरम पाणी तिथून नळाने रेक्याविकला येतं आणि वाटेत ते फारसं थंडही होत नाही. वाफ आणणारे नळ सरळ रेषेत नसून नागमोडी टाकलेत, कारण तापले की धातू वाढतो आणि त्या वाढीला जागा लागते. घाट उतरलात की ह्वेरागेर्दी. तिथे जमिनीच्या उष्णतेवर हरितगृहं चालतात. काळोखात ती केशरी उजळलेली दिसतात.

हेत्ला गाव सोडलं की डावीकडे लांब, आकाश स्वच्छ असेल तर हेक्ला. शेवटचा उद्रेक फेब्रुवारी २००० मध्ये. उजवीकडे समुद्रात वेस्तमान बेटं. त्यातल्या हेमाए बेटावर २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्री गावाला लागूनच जमीन फाटली आणि पाचेक हजार वस्तीचं गाव बोटींनी बाहेर काढावं लागलं.

आता सेल्यालान्सफॉस आणि स्कोगाफॉस. दोन्ही साठ मीटरच्या आसपास, आणि दोन्ही एकाच जुन्या समुद्रकड्यावरून पडतात. तो कडा एकेकाळी किनाराच होता. नंतर हिमनद्यांनी आणि पुरांनी आणलेल्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे रेटला. स्कोगाफॉससमोर उभं राहून मागे वळून बघा. ती सपाट जमीन म्हणजे भरून काढलेला समुद्र.

कड्याच्या माथ्यावर पांढरी टोपी आहे ती एयाफ्यात्लायोकुत्ल. २०१० च्या एप्रिलमध्ये युरोपची विमानं जमिनीवर बसवली ती याच डोंगराने. लाव्हा बर्फाखाली फुटला, वितळलेल्या पाण्याने तापलेला रस एकदम थिजून त्याचे काचेसारखे बारीक तुकडे झाले, आणि वायूच्या जोराने ते वर उडाले. बर्फ नसता तर राख इतकी बारीक झाली नसती आणि इतकी उंच गेली नसती.

त्याच्या पूर्वेला मीर्दाल्सयोकुत्लची बर्फाची चादर. तिच्या पोटात कात्ला ज्वालामुखी. शेवटचा मोठा उद्रेक १२ ऑक्टोबर १९१८ ला. तेव्हा बर्फ वितळून जो पूर आला त्याने इतका गाळ ओतला की किनारा समुद्रात पुढे सरकला. तुम्ही ज्या सोल्हेमायोकुत्लजवळ जाणार ती याच चादरीची एक जीभ. तिथला बर्फ निळा-पांढरा कमी आणि पट्ट्यापट्ट्यांचा जास्त. काळे पट्टे राखेचे. लोक येतात आणि 'मळका आहे' म्हणून नाराज होतात. पण प्रत्येक काळा पट्टा एखाद्या उद्रेकाचा असतो. जवळ जाऊन बघा: राखेचा थर जाड असेल तिथे ऊन अडतं, खालचा बर्फ वितळत नाही आणि काळ्या शंकूसारखे उंचवटे उभे राहतात. थर पातळ असेल तिथे उलट होतं, काळा रंग ऊन शोषतो आणि भोक पडतं.

निळा रंग कुठून येतो तेही सांगतो. वरच्या थरांच्या दाबाने बर्फातले हवेचे बुडबुडे पिळून निघतात, बर्फ घट्ट होतो. असा बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषतो आणि निळा आरपार जाऊ देतो. ढगाळ दिवशी तो जास्त निळा दिसतो, म्हणून आभाळ भरून आलं तर हिमनदीपाशी तरी वाईट वाटून घेऊ नका.

रेनिसफ्याराचे दगडी खांब म्हणजे थंड होताना आकसलेला लाव्हा. आकसताना भेगा पडतात आणि कमीत कमी भेगांत ताण मोकळा करायचा तर षटकोन सोयीचा. खांब नेहमी थंड पृष्ठभागाला काटकोनात वाढतात, म्हणून गुहेच्या छतावर ते तिरपे, वळलेले दिसतात. आपल्या सह्याद्रीचा दगडही बेसॉल्टच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आइसलँडचा सगळ्यात जुना दगड दीडेक कोटी वर्षांचा. आणि तिथे दगड घडायचं काम अजून चालू आहे: दोन भूपट्ट दरवर्षी साधारण दोन सेंटिमीटरने लांब सरकतात आणि फट लाव्हाने भरत राहते.

हिमरेषा

काळा_कातळ यांनी गुहेचं नाव काढलंच आहे, तर रेनिसफ्याराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. या सहलीत सगळ्यात घातक जागा हिमनदी नाही, हा किनारा आहे. तिथे पर्यटक बुडून मेलेत, आणि त्यातले बरेचसे पोहायला गेलेले नव्हते, वाळूवर उभे होते.

होतं असं: दक्षिणेकडे अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीनच नाही, त्यामुळे लाटा हजारो किलोमीटर जोर साठवत येतात. किनाऱ्यालगत तळ एकदम खोल जातो, म्हणून लाट वाटेत फुटत नाही, सगळा जोर वाळूवरच उतरतो. पाच-सहा लाटा मवाळ येतात आणि पुढची एकदम दुप्पट लांब. माणूस पडला की परतणारं पाणी पायाखालची वाळू उपसतं, कपड्यांत वाळू भरते आणि उठताच येत नाही.

वाटेवर दिव्यांचा खांब आहे. लाल असेल तर खाली उतरायचंच नाही, वरून बघायचं. इतर रंग असले तरी फलकावरच्या नकाशात कुठपर्यंत जायचं ते रंगवलेलं आहे, तेवढंच. वाळूवर शेवटच्या लाटेची ओली रेघ दिसते ना, तिच्यापासून भरपूर अंतर ठेवून कोरड्या वाळूत उभं राहायचं. समुद्राकडे पाठ करायची नाही, फोटोसाठीही नाही. खांबांच्या गुहेकडे लाट कड्यापर्यंत पोहोचत असेल तर जायचं नाही, कारण तिथे मागे सरकायला जागा नाही. सासऱ्यांचा हात धरून ठेवा. वीकच्या किनाऱ्यावरून समुद्रातले तेच सुळके दुसऱ्या बाजूने दिसतात, पण लाटा तिथेही तशाच.

अनुजा_प

सगळ्यांचे मनापासून आभार. बसचंच ठरवतोय, योकुल्सार्लोन रद्द. गुहेचं आणि कपड्यांचं राहिलं. आणि सोल्हेमायोकुत्लवर वाटाड्याशिवाय थोडं चाललं तर चालतं का?

घाटरस्ता

नाही, ताई. वाहनतळापासून हिमनदी नीट दिसेल अशा जागेपर्यंत वाट आहे, पंधरा-वीस मिनिटं, खडकाळ पण सौम्य. तिथून बघा. बर्फावर पाऊल ठेवायचं तर वाटाड्या हवाच, कारण भेगांवर ताज्या बर्फाचं पातळ छप्पर असतं आणि वरून काही कळत नाही. वाटाड्याबरोबरची फेरी तीन तासांची, त्यातला तास-दीड तास बर्फावर. बुटाला लावायचे खिळे, हेल्मेट, कुऱ्हाड ते देतात, घोटा झाकणारे कडक तळव्याचे बूट तुमचे हवेत किंवा भाड्याने मिळतात. काटेरी पट्टे लावून उतरताना गुडघ्यावर भार येतो, सासूबाईंना मी नाही सुचवणार.

गुहांमध्ये दोन प्रकार आहेत, लोक घोळ करतात. निळ्या काचेसारख्या, फोटोत दिसतात त्या वात्नायोकुत्ल या मोठ्या हिमनदीच्या बाजूच्या, योकुल्सार्लोनजवळ. त्या तुमच्या टप्प्यात नाहीत. वीकहून मोठ्या चाकांच्या जीपने जातात ती कात्लाची गुहा: काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, राखेची. एकूण तीन तास. जीप बरीच जवळ नेते, पुढे खिळे लावून थोडं चालणं, फळ्या आणि दोर. ज्येष्ठांना बहुतेक वेळा जमतं, पण आरक्षण करताना गुडघ्याचं स्पष्ट सांगा. आणि हे तीन तास घेतलेत तर हिमनदी आणि दिरहोलाए दोन्ही सोडावे लागतील, दोन्हीकडे धावायचा मोह नको.

पाऊस पडून तापमान चढलं की गुहा बंद ठेवतात. वितळणारं पाणी छत सैल करतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ब्रेदामेर्कुरयोकुत्ल हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक गेला. वाटाड्या 'आज नाही' म्हणाला तर हुज्जत घालू नका.

विमानाच्या सांगाड्याची आडवाट (१९७३ मध्ये उतरलेलं डीसी-३) हिवाळ्यात वगळा. सपाट काळ्या माळावर एका बाजूने तासाभराची चाल, आडोसा शून्य. धुकं किंवा हिमवादळ आलं की दिशाच कळत नाही. त्या वाटेवर थंडीने माणसं गेलेली आहेत.

चाकवारा

कपड्यांचं मी घेतो.

आकड्यावर जाऊ नका. तापमान ० आणि वारा १५ मीटर असेल तर अंगाला उणे आठ लागतं. त्यात धबधब्याचे तुषार. म्हणून जाड एकच कोट निरुपयोगी, तीन थर हवेत. अंगाला चिकटून मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं, वरून आणि खालूनही. त्यावर फ्लीस किंवा पातळ पिसांचं जाकीट. सगळ्यावर पाणी आणि वारा अडवणारं कवच, टोपीसकट. आणि पाणी न धरणारी विजार! लोक वरचं सगळं आणतात आणि खाली जीन्स घालतात. सेल्यालान्सफॉसला जीन्स पाच मिनिटांत भिजते आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. सुती बनियनही नको, घाम धरून ठेवतं आणि थंड पडतं.

छत्री घरी ठेवा. हातमोजे दोन जोड, एक आत पातळ, एक वर जलरोधक. पायमोज्यांची एक कोरडी जोडी पिशवीत.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू स्वस्त आहे: बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे छोटे खिळे. चौघांना चार जोड. वाहनतळ ते धबधबा ही सपाट पन्नास-शंभर पावलंच सगळ्यात निसरडी असतात, कारण तुषार गोठून काचेसारखा थर होतो आणि मनगटं तिथेच मोडतात. गाडीत बसताना मात्र काढा. फरशीवर आणि पायऱ्यांच्या लोखंडी जाळीवरही ते उलटे घसरतात. सेल्यालान्सफॉसच्या मागून जाणारी वाट हिवाळ्यात बहुधा साखळी लावून बंद असते, ओलांडू नका, वरून बर्फाचे भाले पडतात. स्कोगाफॉसच्या पायऱ्या पाचशेहून जास्त आहेत. सासूबाईंनी खालीच थांबावं. खालचा भाग सपाट आहे आणि खरा धबधबा तिथूनच दिसतो. ऊन असेल तर सूर्य पाठीशी घेऊन उभं राहा, इंद्रधनुष्य पडतं.

कॅमेऱ्यासाठी तीन-चार कोरडी फडकी, आणि फोन आतल्या खिशात. थंडीत चार्ज झपाट्याने उतरतो.

काळा_कातळ

कात्लाचं ऐकून सासरे घाबरतील कदाचित, म्हणून एवढं सांगून ठेवा: ज्वालामुखीवर चोवीस तास नजर असते. धोका वाढला तर त्या भागातल्या सगळ्या मोबाइलवर संदेश येतो, परदेशी क्रमांकावरही, तेव्हा फोन चालू ठेवा. वीकमध्ये असताना पूर आला तर गाव टेकडीवरच्या लाल छपराच्या चर्चकडे चढतं. नदीकाठी अचानक गंधकाचा तीव्र वास आला आणि पाणी चढलं तर उंच जागी जायचं. नळाच्या गरम पाण्यालाही रेक्याविकमध्ये गंधकाचा वास येतो, तो मात्र रोजचा. गार पाणी निर्धास्त प्या.

हिमरेषा

शेवटचं, आदल्या संध्याकाळचं. सहलीवाल्यांचा निरोप, हवामानाचे पिवळे-नारिंगी-लाल इशारे आणि प्रवाशांच्या सुरक्षेचं पान सेफट्रॅव्हल डॉट आयएस बघा. पिवळ्या इशाऱ्यात सहल बऱ्याचदा निघते, नारिंगीत क्वचित. सकाळी सहाला परत बघा. तातडीचा क्रमांक ११२, त्याचं ॲप घालून ठेवा, कव्हरेज कमी असलं तरी ठावठिकाणा संदेशाने जातो.

शक्य असेल तर हा दिवस मुक्कामाच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवा, म्हणजे वाऱ्याने रद्द झाला तरी पुढची तारीख मिळेल. आणि तीही नाहीच जमली, हेल्लिसहेदी बंदच राहिला, तर दिशा बदला: रेक्यानेस द्वीपकल्प. क्लेवार्वात्न तळं, सेल्तूनचे वाफाळते चिखलाचे झरे, गुन्नुह्वेरचे वाफेचे झरे. मोठा घाट लागत नाही, अर्ध्या दिवसात होतं. डिसेंबर २०२३ पासून तिथल्याच ग्रिंदाविक गावाच्या बाजूला वारंवार उद्रेक झालेत, त्यामुळे कुठले रस्ते चालू आहेत आणि वायूचा इशारा आहे का ते त्याच सकाळी बघूनच निघा. सेल्तूनला लाकडी फळ्यांवरूनच चाला. बाजूचा राखाडी चिखल घट्ट दिसतो, पण खाली उकळतं पाणी असतं.